स्कूटरला चार्जिंगची जोडणी

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



या सभागृहात आपण लोणच्याच्या मसाल्यापासून आयकराच्या फॉर्मपर्यंत पुष्कळ विषय ऐकले. त्या मानाने आजचा विषय जरासा तेलकट आहे. स्कूटरवर फोन चार्ज करता यावा म्हणून हँडलाजवळ एक लहानसे सॉकेट बसवून घेतात, त्याविषयी मला बोलायचे आहे. आपल्यातल्या ज्या भगिनी रात्रपाळीला जातात किंवा घरोघर डबे पोचवतात, त्यांनी हा विषय आग्रहाने मागितला. त्यांची गरज खरी आहे. पत्ता शोधायचा तो फोनवर, पैसे घ्यायचे ते फोनवर, घरी उशिराचा निरोप द्यायचा तो फोनवर, आणि तसाच प्रसंग आला तर ११२ लावायचा तोही फोनवरच. रात्री साडेदहाला गावाबाहेरच्या रस्त्यावर फोन मिटला म्हणजे काय वाटते हे मी त्यांना सांगायला नको.

पुण्याच्या बायकांना दुचाकीचे नवल नाही. सायकलींच्या या गावात १९७२ साली ल्यूना आली, १९८४ च्या सुमारास बटण दाबताच सुरू होणारी काइनेटिक होंडा आली, आणि तोंडाला ओढणी गुंडाळून भरधाव जाणाऱ्या मुली ही तर पुण्याची ओळखच झाली. पण गाडी चालवावी आपण आणि तिच्या पोटातले कळावे ते फक्त गॅरेजवाल्याला, अशी वाटणी आपण फारशी कुरकूर न करता मान्य केली. एरवी त्यात बिघडत नाही. इथे मात्र बिघडते, कारण हे काम दिसायला क्षुल्लक असल्यामुळे पंधरा मिनिटांत, कसेबसे उरकले जाते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीतल्या एका मुलीच्या स्कूटरच्या हँडलातून धूर निघाला. ती शहाणी, म्हणून तिने गाडी बाजूला घेऊन किल्ली बंद केली. पण धूर थांबेना! शेजारच्या दुकानदाराने पाना आणून बॅटरीची वायर सोडवली, तेव्हा कुठे तो थांबला. उघडून पाहिले तर सॉकेटची वायर बॅटरीला थेट पिळून वर टेप गुंडाळलेली, वाटेत फ्यूज नाही, आणि हँडल जिथे वळते तिथे वायरचे आवरण घासून आतले तांबे लोखंडाला लागलेले. प्लॅस्टिकचे पॅनेल वितळले होते. त्याच गाडीच्या पोटात पेट्रोलची टाकी असते हे आपण विसरू नये.

आता किल्ली बंद केल्यावरही धूर का थांबला नाही, हे समजले की निम्मा विषय समजला.

स्कूटरची बॅटरी बारा व्होल्टची असते. एवढ्या दाबाने माणसाला झटका बसत नाही, म्हणून "बारा व्होल्टने काय होणार?" असे सर्रास म्हणतात. परंतु हीच बॅटरी स्टार्टर फिरवताना क्षणभर कित्येक अँपिअर प्रवाह देते, आणि तिची दोन टोके वायरीने एकमेकांना भिडली तर तेवढा सगळा प्रवाह त्या वायरीतून धावतो. बारीक वायर क्षणात लाल होते. किल्लीचा या रस्त्याशी काही संबंधच नव्हता, कारण वायर किल्लीला वळसा घालून थेट बॅटरीवर गेली होती.

म्हणून फ्यूज. आपल्या घरी जसा मीटरजवळ असतो तसाच इथे बॅटरीजवळ असला पाहिजे, चार बोटांच्या आत. पुष्कळ ठिकाणी तो सॉकेटजवळ, म्हणजे वर हँडलापाशी बसवतात. तो असून नसल्यासारखाच. फ्यूज राखण करतो ती त्याच्या पुढच्या वायरीची. बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधला तुकडा उघडाच राहतो. तो तुकडा जितका आखूड तितके बरे.

फ्यूज किती अँपिअरचा घ्यावा? याचे उत्तर हिशेबाने मिळते, अंदाजाने काढू नये. साधा चार्जर फोनला पाच व्होल्टवर दोन अँपिअर देतो, म्हणजे दहा वॉट. बारा व्होल्टचे पाच करताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून बारा वॉट धरू. बारा वॉटला बारा व्होल्टने भागले की एक अँपिअर. फोन चार्ज करणे म्हणजे इंडिकेटरचा दहा वॉटचा एक बल्ब सतत पेटता ठेवण्यासारखे झाले, त्याहून फार अधिक नाही. तेव्हा दोन किंवा तीन अँपिअरचा फ्यूज पुरे, आणि पाऊण चौरस मिलिमीटरची वायर पुरे. दुकानदार दहाचा किंवा पंधराचा फ्यूज पुढे करील आणि "हा उडायचा नाही" अशी त्याची तारीफ करील. आपल्याला उडणाराच हवा आहे.

दुसरी गोष्ट किल्लीची. स्कूटरची बॅटरी आकाराने अगदीच लहान, साधारण तीन ते पाच अँपिअर-तासांची. तीन अँपिअर-तास म्हणजे एक अँपिअर काढत राहिलो तर तीन तासांत ती रिकामी. फोन लावलेला नसला तरीही सॉकेटमधला निळा दिवा आणि व्होल्टचा आकडा दाखवणारी हौशी पट्टी मिळून वीस मिलिअँपिअर सहज खातात. हा हिशेब दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास होतो. आठवडाभर गावाला जाऊन आले की गाडी मुकी! मग बॅटरी खराब म्हणून नवी घेतात, आणि तीही दोन महिन्यांत तशीच मुकी होते. सॉकेटला वीज किल्ली फिरवल्यावरच मिळाली पाहिजे, असे मी म्हणते ते यासाठी.

हे दोन रीतींनी करता येते. सोपी रीत अशी की, हॉर्नला किंवा मागच्या दिव्याला किल्लीनंतर जी वीज जाते तिच्यावरच सॉकेट जोडायचे. काम झटपट होते, पण पुष्कळ गाड्यांत त्या वायरीवरच्या फ्यूजवर हॉर्न, ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर अशी सगळी मंडळी एकत्र नांदतात. सॉकेटमध्ये पाणी जाऊन तो फ्यूज उडाला की ब्रेकचा दिवाही गेला, आणि मागून येणाऱ्या ट्रकला त्याचा पत्ता नाही. दुसरी रीत रिलेची. रिले म्हणजे लोहचुंबकावर चालणारे एक लहान बटण. किल्लीकडून अगदी थोडा प्रवाह आला की ते चिकटते आणि बॅटरीकडून सॉकेटकडे जाणारा वेगळा रस्ता खुला करते. किल्ली बंद होताच सुटते. चार पायांचा साधा रिले मिळतो, त्यावर आकडे कोरलेले असतात: ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून सॉकेटला जाणारी, ८६ वर किल्लीची, ८५ वर जमिनीची, म्हणजे ऋण टोकाची. माझे मत विचाराल तर रोज रात्री गाडी चालवणारीने रिलेच बसवावा. खर्च थोडा जास्त आहे, पण आपल्या सॉकेटचे पाप गाडीच्या दिव्यांना लागत नाही.

किल्लीनंतरची वायर ओळखावी कशी? रंगावर विसंबू नये. एका कंपनीत हिरवी वायर जमिनीची असते तर दुसरीत वेगळीच. त्यासाठी मल्टिमीटर हवा. काटा २० व्होल्ट डीसीवर ठेवावा, काळे टोक बॅटरीच्या ऋणाला, लाल टोक संशयित वायरीला. किल्ली बंद असता शून्य आणि चालू करताच बारा दाखवील ती आपली वायर.

आणि हेडलाइटच्या वायरीला हात लावू नये. जुन्या चेतकवर मागे बसलेल्या भगिनींना आठवेल, सिग्नलला गाडी थांबली की दिवा मिणमिणायचा आणि ॲक्सिलरेटर पिळताच लख्ख व्हायचा. त्या दिव्याला बॅटरीची नव्हे, तर इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोची प्रत्यावर्ती वीज थेट मिळत असे. कित्येक बिनगिअरच्या स्कूटरींतही अनेक वर्षे हीच व्यवस्था होती. तिच्यावर फोनचा चार्जर लावला तर चार्जर जातो, क्वचित फोनही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटू लागला. तरी आपली गाडी कोणत्या सालची आहे हे पाहिल्याशिवाय त्या वायरीच्या वाटेला जाऊ नये. जिच्यात बॅटरीच नाही अशा जुन्या गाडीला पॉवर बँक बरी. विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या मोठ्या बॅटरीला तर कधीच जोडू नये. तिचा दाब अठ्ठेचाळीस व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतो, आणि ते काम कंपनीच्याच माणसाचे.

सामान आणायला लांब जायला नको. वायर, फ्यूजची डबी आणि मल्टिमीटर तपकीर गल्लीत किंवा बुधवार पेठेत मिळेल, गाडीचे सुटे भाग नाना पेठेत. सॉकेट घेताना रबरी झाकणाचे घ्यावे. गाडी नवी असेल तर आधी कंपनीच्या केंद्रात विचारावे. काही गाड्यांना त्यांच्याकडूनच सॉकेट बसवून मिळते, आणि मूळ वायर कापली म्हणून हमी नाकारण्याची वेळ येत नाही.

प्रत्यक्ष काम सुरू करताना प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडावे, मग धन. उलट केले आणि धन टोक सोडवताना पाना गाडीच्या सांगाड्याला लागला तर ठिणगी उडते. ऋण आधी सुटलेले असेल तर पाना कुठेही लागो, वर्तुळ पुरे होत नाही. जोडताना याच्या उलट, ऋण सर्वांत शेवटी. वायरी नुसत्या पिळून टेप लावणे हे काम नव्हे. आपल्या उन्हाळ्यात त्या टेपचा चिकटपणा वितळून तो सुटतो. टोकाला लग दाबून बसवावा, सांध्यावर तापवल्यावर आकसणारी नळी चढवावी. वायर हँडलाकडे नेताना ब्रेकच्या आणि ॲक्सिलरेटरच्या केबलीपासून दूर, थोडी सैल ठेवून बांधावी. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून पाहावे. वायर ताणली जाता कामा नये आणि ॲक्सिलरेटर सोडताच आपोआप मागे आला पाहिजे. सॉकेटचे तोंड खालच्या बाजूला असावे. पुण्याचा पाऊस वरून पडतो तसा समोरूनही येतो, आणि गाडी धुणारा मुलगा पाण्याचा फवारा नेमका तिथेच मारतो.

हे सगळे स्वतःच करा असा माझा हट्ट नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी अवश्य करावे. कणीक तिंबण्याहून काही अवघड नाही. बाकीच्यांनी गॅरेजमध्ये उभे राहून एवढेच विचारावे, की फ्यूज कुठे आहे तो दाखवा, आणि किल्ली बंद केल्यावर सॉकेटचा दिवा विझतो का तेही दाखवा. "ताई, काळजी करू नका" हे या प्रश्नांचे उत्तर नव्हे.

काही भगिनींनी चिठ्ठीवर विचारले आहे की, शहरातल्या शहरात फिरताना चार्ज करावे काय? इंजिन मंद चालू असता गाडी थोडीच वीज तयार करते. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या, दर फेरीला स्टार्टर आणि मध्ये पाच सिग्नल, अशा दिवशी बॅटरीचे दिलेलेच भरून निघत नाही. तेव्हा फोन घरूनच भरून न्यावा आणि सॉकेट अडीअडचणीला ठेवावे. दुसऱ्या चिठ्ठीत डिकीतल्या सॉकेटविषयी विचारले आहे. पावसापासून ते सुरक्षित, पण सीटखाली इंजिनाची धग असते, आणि चार्ज होताना फोन स्वतःही तापतो. एप्रिल-मे महिन्यांत फोन तिथे ठेवून चार्ज करू नये. हँडलावर फोन अडकवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, मोटारसायकलीच्या थरथरीने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो अशी सूचना ॲपल कंपनीने २०२१ साली दिली होती. स्कूटरसाठीही थरथर शोषणारा धारक वापरावा असे तिने म्हटले होते. आणि चालत्या गाडीवर फोन हातात धरणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमाखाली स्पष्टपणे गुन्हा आहे, मग तो चार्जिंगला लावलेला असो वा नसो.

मंडळाने एक मल्टिमीटर घेतला आहे, तो वाचनालयाच्या कपाटात राहील. येत्या शनिवारी सायंकाळी पाच वाजता अंगणात आपण प्रत्येकीच्या गाडीची बॅटरी मोजणार आहोत. इंजिन बंद असता साडेबाराच्या आसपास आणि चालू असता साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले तर बॅटरी व चार्जिंग ठीक समजू. बंद गाडीत बाराच्या खाली दिसले तर आधी बॅटरी तपासून घ्यायची, सॉकेट नंतर. ज्यांनी सॉकेट आधीच बसवून घेतले आहे त्यांचा फ्यूज त्याच वेळी शोधू. गाडीचे माहितीपुस्तक बरोबर आणावे, आणि शक्यतो चार वाजताच येऊन गाडी उभी करून ठेवावी. गाडी नुकतीच चालवलेली असेल तर बॅटरीचा आकडा काही वेळ फुगलेला दिसतो.