फ्रेंचचा भूतकाळ मराठीतून



फ्रेंच शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना 'त्यु' आणि 'वू' यांतला भेद समजवावा लागत नाही. तू आणि तुम्ही त्यांच्या तोंडात असतंच. लिंगंही पाठ होतात. घोडं अडतं ते भूतकाळापाशी. 'मी चिठ्ठी लिहिली' याला फ्रेंचमध्ये म्हणतात, 'झे एक्री ला लेत्र'. पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणायचं झालं, की 'ला लेत्र क झे एक्रीत'. शेवटी हा 'त' आला कुठून?

तो चिठ्ठीमुळे आला. 'लेत्र' स्त्रीलिंगी, म्हणून रूपही स्त्रीलिंगी. लिहिणारा पुरुष असो की बाई, काही फरक पडत नाही. इंग्रजीत असं काही नसल्यामुळे इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे फार अवघड जातं. आपण मात्र बोलू लागल्यापासून तेच करत आलो आहोत: मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली.

फ्रेंचची अट एवढीच, की कर्म आधी यायला हवं. ते नंतर आलं तर रूप बदलत नाही. १६व्या शतकातल्या क्लेमाँ मारो या कवीने इटालियनचा दाखला देत या नियमाचा पुरस्कार केला. आज खुद्द फ्रेंच मुलंही त्यात चुकतात. २०१८ मध्ये बेल्जियमच्या दोन माजी शिक्षकांनी तो सोडून द्यावा अशी मागणी केली. मराठी माणसाने तरी त्याचा धसका घेऊ नये.

जाणं, येणं, जन्मणं, मरणं अशा मोजक्या क्रियापदांचं रूप कर्त्याप्रमाणे बदलतं. 'इल ए मॉर', 'एल ए मॉर्त'; तो मेला, ती मेली. इथेही मराठी सोबतीला आहेच. मात्र सगळीकडे नाही. 'ती हसली', 'ती झोपली' यांत आपण कर्ता पाहतो, फ्रेंच पाहत नाही. 'मी किल्ली विसरलो' म्हणताना मराठी कर्त्याकडे वळते. 'मी विसरलेली किल्ली' म्हणताना फ्रेंच किल्लीकडेच पाहते. असे अपवाद वहीत वेगळे लिहून ठेवावेत.

फ्रेंच शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. भूतकाळाचा धडा इंग्रजीतून सुरू करू नका. 'मी पोळी खाल्ली' हे वाक्य आधी फळ्यावर लिहा.