अकिलीजचा क्रोध आणि घरी परतलेला सैनिक



होमरची ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही महाकाव्ये सुमारे 2,700 वर्षांपूर्वीची मानली जातात. इतके जुने काव्य आजच्या माणसाच्या दुःखाला काही उपयोगी पडते काय, हा प्रश्न ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी अप्रस्तुत ठरू नये. त्याचे एक उत्तर अमेरिकेतील बॉस्टन शहरात मिळते.

जोनाथन शे हे मनोविकारतज्ज्ञ तेथे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करीत. तत्पूर्वी पक्षाघातातून सावरत असताना त्यांनी ग्रीक महाकाव्ये अनुवादांतून वाचली होती. रुग्णांच्या हकिकती ऐकता ऐकता त्यांना जाणवले की, ही कथा परिचयाची आहे. 1994 साली प्रसिद्ध झालेला ‘अकिलीज इन व्हिएतनाम’ हा ग्रंथ याच ओळखीतून जन्मला.

‘इलियड’चा आरंभच क्रोधाने होतो. सरसेनापती अगामेम्नॉन अकिलीजला सन्मान म्हणून मिळालेली ब्रिसेइस हिरावून घेतो. ती बंदिनी सेनेने दिलेली. म्हणजे सर्वांनी मानलेली मर्यादा वरिष्ठानेच मोडली. अकिलीज रणातून अंग काढून घेतो. मग त्याचेच चिलखत घालून लढणारा जिवलग पॅट्रोक्लस मारला जातो. आपण जवळ नव्हतो, या अपराधभावनेने अकिलीज बेभान होतो आणि हेक्टरचे प्रेत रथामागे फरफटत नेतो. विश्वासघात, मित्राचा मृत्यू, अपराधभावना आणि बेभानपण हाच क्रम शे यांना रुग्णांच्या कहाण्यांत दिसला. भीतीने झालेल्या आघाताहून ही जखम निराळी. न्यायाची चाड मोडल्याने झालेली. तिला त्यांनी ‘नैतिक जखम’ म्हटले.

2002 सालच्या ‘ओडिसियस इन अमेरिका’ या ग्रंथात त्यांनी परतीच्या वाटेचा विचार केला. ओडिसियस दहा वर्षे लढला आणि घरी पोहोचायला त्याला आणखी दहा वर्षे लागली. परक्या राजसभेत गायक ट्रॉयची गाथा गातो, तेव्हा इतरांना करमणूक होते. हा मात्र वस्त्राआड तोंड लपवून रडतो. शेवटी इथाकेच्या किनाऱ्यावर जाग येते, तर स्वतःची भूमीच त्याला ओळखू येत नाही. घरी पोहोचणे आणि घरी परतणे यांत केवढे अंतर असते!

तथापि तुलनेला मर्यादा आहेत. अकिलीज देवीचा पुत्र, ओडिसियस राजा. सक्तीने भरती झालेला तरुण यांपैकी कोणीच नव्हता. शिवाय ओडिसियस आपल्या जहाजांवरील एकाही सोबत्याला जिवंत परत आणू शकला नाही, हा दोषही शे झाकीत नाहीत. तुलनेने रुग्ण वीरपुरुष होत नाही. त्याचे एकटेपण मात्र उणावते.

‘इलियड’च्या अखेरीस वृद्ध प्रायम पुत्राचे प्रेत मागण्यास शत्रूच्या तंबूत येतो. दोघे आपापल्या मृतांसाठी एकत्र रडतात आणि एकत्र जेवतात. दुःख ऐकणारा कोणी असावा लागतो, हेच शे यांच्या उपचाराचेही सूत्र होते.

बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे; सुटीवर आलेला वा निवृत्त झालेला जवान या भागातील घरांना नवा नाही. तो पराक्रम सांगतो तेव्हा सारे ऐकतात. तो गप्प बसतो, तेव्हा त्याच्याजवळ बसण्याचे शहाणपण ज्या ग्रंथांतून मिळते, ते ग्रंथालयाच्या कपाटात आहेत. ते बाहेर काढणारे हात तेवढे हवेत.