नेमस्तांच्या गावी आपलं स्वागत

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि गावोगावहून आलेल्या संपादक-वार्ताहर मित्रहो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं पुण्यात मनःपूर्वक स्वागत करतो. पुणेकरांच्या आदरातिथ्याची ख्याती आपल्या कानांवर असेलच. तरीही आपण आलात, याबद्दल विशेष आभार!

पुण्यातली वृत्तपत्रं म्हटलं की ‘केसरी’ आठवतो, आणि आठवायलाच हवा. पण यजमान या नात्याने मी आज दुसऱ्याच एका पत्राचं नाव घेणार आहे. १८४९ साली इथे ‘ज्ञानप्रकाश’ हे साप्ताहिक निघालं आणि १९०४ मध्ये त्याचं दैनिक झालं. केसरी दैनिक व्हायला १९६२ उजाडलं. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने ज्ञानप्रकाश चालवायला घेतलं आणि त्याच्यावर नेमस्तपणाचा शिक्का बसला तो बसलाच.

नेमस्त म्हणजे मिळमिळीत, हे मला मुळीच मान्य नाही. गोखल्यांचं १९०२ चं अंदाजपत्रकावरचं भाषण काढून वाचा. सरकार शिलकीचा तोरा मिरवत होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे पुढे ठेवून विचारलं, रयत गांजलेली असताना ही शिल्लक आली कुठून? मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. पुढच्या वर्षी तो दोन रुपयांवर आला. सगळं श्रेय त्या एका भाषणाचं नव्हे. पण घोषणांकडे काणाडोळा करणाऱ्या सरकारला स्वतःच्या जमाखर्चाला उत्तर द्यावंच लागतं. सगळीकडे यश आलं असंही नाही. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं त्यांचं विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं.

ज्ञानप्रकाशही शंभरी ओलांडून १९५१ मध्ये बंद पडलं. संयमाला मान पुष्कळ मिळतो, खप मिळत नाही, हे या सभागृहात मी कुणाला सांगावं?

परिषदेत ठराव होतील. त्यांत आमच्या समितीची एक सूचना घ्यावी: प्रत्येक दैनिकाने आपल्या जिल्हा परिषदेचं वा महापालिकेचं अंदाजपत्रक वाचायला निदान एक वार्ताहर आठवडाभर मोकळा ठेवावा. सभापतींच्या प्रेसनोटवर भागवू नये.

राहण्या-जेवण्यात काही उणं राहिलं तर सांभाळून घ्या. अध्यक्षांनी आता परिषदेचं कामकाज सुरू करावं, अशी मी त्यांना विनंती करतो.