चूक कारकुनाची की पडद्याची?

तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत गेलो होतो, तिथून सुरुवात करतो. काउंटरवरच्या बाईंच्या संगणकाशेजारी एक दोनशे पानी वही उघडी होती. निळ्या शाईनं, सुवाच्य अक्षरात त्यांनी लिहून ठेवलं होतं : "मुदत ठेव मोडताना आधी एफ सात. मग दोनदा एंटर. विचारील त्याला 'हो' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर 'नाही'." मी म्हटलं, "ताई, हे काय?" त्या हसल्या. "साहेब, संगणक आला तेव्हा सांगितलं होतं, आता वह्या बंद. ही वही संगणक चालवायला लागते."

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट होती खरी. पण त्याच आठवड्यात या बाईंना कार्यालयीन मेमो मिळाला होता. झालं असं की, एका म्हाताऱ्या ठेवीदार बाईंची दोन लाखांची ठेव महिन्याच्या एक तारखेला पुरी झाली, आणि त्या नूतनीकरणाला आल्या एकोणीस तारखेला. संस्थेच्या नियमाप्रमाणे नवी ठेव एक तारखेपासूनच धरायची. पण पडद्यावर ठेवीच्या तारखेचा रकाना उघडतो तोच आजची तारीख भरलेला. गर्दी होती, बाईंनी एंटर दाबलं, पावती छापून निघाली. आठ टक्क्यांनी अठरा दिवसांचं व्याज बुडालं. सातशे एकोणनव्वद रुपये. ते बाईंनी पदरचे भरले.

आता दोष कुणाचा? रिवाजानं पाहिलं तर कारकुनाचा. बोट त्यांचं होतं. पण ती तारीख त्या रकान्यात आधीच कुणी आणून बसवली होती? ठेव कधी पुरी झाली हे संगणकाला ठाऊक होतं, ते त्याच्याच पोटात होतं. तरी त्यानं चुकीची तारीख पुढं केली आणि बरोबर तारीख आठवायचं काम माणसावर टाकलं.

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ ही बाँबफेकी विमानं धावपट्टीवर सुखरूप उतरायची आणि मग वैमानिक चुकून चाकंच आत ओढून घ्यायचा; विमान पोटावर आपटायचं. वैमानिक निष्काळजी, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. अल्फॉन्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञानं विमानात जाऊन पाहिलं. चाकांची कळ आणि पंखांच्या फडक्यांची कळ, दोन्ही शेजारीशेजारी, दिसायला आणि हाताला सारख्याच. त्यानं चाकांच्या कळीला चाकाच्या आकाराची मूठ बसवायला सांगितली, दुसरीला पाचरीच्या आकाराची. अंधारात, दमलेल्या हातालाही फरक कळावा. आजही प्रवासी विमानांत चाकांच्या दांडीची मूठ चाकासारखीच असते.

चाक दिसतं, मूठ हाताला लागते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळेच रकाने करड्या रंगाचे, सगळेच चौकोनी. त्यामुळं चूक झाली तर किती मोठी होऊ शकते, याचा दाखला २०२० सालचा आहे.

रेव्हलॉन ही सौंदर्यप्रसाधनांची अमेरिकन कंपनी. तिच्या एका कर्जाचे पैसे धनकोंना वाटून देण्याचं काम सिटीबँकेकडं होतं. ११ ऑगस्ट २०२० रोजी सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचं होतं. गेले सुमारे ८९ कोटी ४० लाख डॉलर, आणि तेही बँकेच्या स्वतःच्या खिशातले. कसे, ते ऐकण्यासारखं आहे. बँकेत फ्लेक्सक्यूब नावाचं सॉफ्टवेअर होतं. हे मूळ आपल्या मुंबईच्या आय-फ्लेक्स कंपनीचं. पुढं ती ऑरॅकलकडं गेली. बँकेला जसं व्याज वाटायचं होतं, त्याला त्यात सरळ वाट नव्हती. म्हणून आडवाट काढलेली : सगळं कर्जच फेडलं असं दाखवायचं आणि मुद्दल बँकेच्याच एका आतल्या खात्यात वळवायचं. त्यासाठी पडद्यावर तीन चौकोनांत खूण करायची. त्यांची नावं 'प्रिन्सिपल', 'फ्रंट' आणि 'फंड'. काम करणाऱ्यानं पहिल्यात खूण केली, खात्याचा क्रमांक भरला. प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल, मुद्दल वळवायचं आहे, मग तिथंच खूण; यात वावगं काय? उरलेल्या दोन शब्दांवरून काही बोध होतो का, तुम्हीच सांगा.

तीन माणसांनी ते तपासलं. नोंद करणारा आणि ती पडताळणारा हे दोघे भारतात बसलेले, मंजुरी देणारा अमेरिकेत. तिघांनाही सगळं ठीक वाटलं. शेवटी पडद्यानं इशारासुद्धा दिला : पैसे बँकेबाहेर जातील, पुढं जायचं का? पण किती पैसे, ते त्यात नव्हतं. व्याज तर बाहेर जायचंच होतं! मग कोण थांबणार? लांडगा आला रे आला अशी रोज हाक मारणाऱ्या पोराकडं गावानं जेवढं लक्ष दिलं, तेवढंच लक्ष असल्या इशाऱ्याकडं जातं. "८९ कोटी डॉलर बाहेर जात आहेत" एवढा एक आकडा तिथं असता तर!

दुसऱ्या दिवशी सकाळी चूक ध्यानात आली. काहींनी पैसे परत केले, पण जवळपास ५० कोटी डॉलर अडकले. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयानं सांगितलं, घेणाऱ्यांनी ते ठेवावेत. सप्टेंबर २०२२ मध्ये वरिष्ठ न्यायालयानं तो निकाल फिरवला. बँक वाचली म्हणायची.

मी स्वतः एका बँकेच्या संगणक विभागात उमेदीची वर्षं काढली आहेत, तेव्हा हे बोलताना माझ्याकडेही बोट येतंच. आम्ही सॉफ्टवेअर घ्यायचो तेव्हा मागण्यांची भलीमोठी यादी करायचो. मुदत ठेव आहे का? आहे. नूतनीकरण आहे का? आहे. प्रत्येकापुढं खूण झाली की खरेदी. ते नूतनीकरण करायला किती कळा दाबाव्या लागतात, चुकलं तर मागं येता येतं का, हे कुणी विचारलं नाही. घेणारे आम्ही, वापरणारे दुसरेच. घरची सुरी आपण हातात धरून घेतो. ऑफिसचं सॉफ्टवेअर मात्र साहेबांच्या खोलीत, करणाऱ्याच्याच माणसानं चालवून दाखवलेलं पाहून घेतलं जातं. आणि तो कधी अडखळत नाही, कारण त्याला वाट पाठ असते.

यावर मोठे खर्चाचे उपाय आहेत, पण पहिला फुकटचा आहे. करणाऱ्या माणसानं सोमवारी सकाळी, गर्दीच्या वेळी, काउंटरवरच्या माणसाशेजारी स्टुलावर गप्प बसावं. गप्प हे महत्त्वाचं. "इथं दाबा ना" म्हणायचं नाही. बोट कुठं थबकतं, मान कुठं वहीकडं वळते, तेवढं टिपून घ्यावं. चार-पाच माणसांजवळ असं बसलं की ठळक खोड्या बहुतेक कळून येतात.

त्या पतसंस्थेत मी सॉफ्टवेअरवाल्या तरुणाला असाच बसवला. पाऊण तास बसला बिचारा, चहासुद्धा विसरला. उठताना त्यानं बाईंकडं ती वही मागितली आणि मोबाईलवर पानन् पान टिपून नेलं. पंधरा दिवसांनी पडदा बदलून आला. तारखेच्या रकान्यात आता ठेव पुरी झाल्याची तारीख येते, आणि पावती छापण्याआधी साध्या मराठीत एक वाक्य : अमुक रुपये, अमुक तारखेपासून, इतक्या महिन्यांसाठी. बाई ते ठेवीदाराला मोठ्यानं वाचून दाखवतात आणि मग एंटर दाबतात.

वहीतली अकरा पानं त्यांनी काट मारून रद्द केली आहेत. बाकीची अजून लागतात. मेमो मात्र अद्याप त्यांच्या फाइलीत तसाच आहे. तो काढावा म्हणून मी अध्यक्षांना पत्र लिहिलं आहे.