दगडमातीचे घर आणि किल्लारीचा धडा



गवंडीकाम करणारे कारागीर, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि लवकरच स्वतःचे घर बांधू पाहणारी कुटुंबे आज येथे जमली आहेत. म्हणून घराविषयीच चार शब्द बोलावे, असे मी योजिले आहे.

मराठवाड्यात घराचा विषय निघाला की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवल्यावाचून राहत नाही. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून गावे निजली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत धरणी हादरली आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. मात्र त्या दिवशी दगडमातीच्या घराची जी धास्ती मनात बसली, ती तीस वर्षे उलटून गेली तरी ओसरलेली नाही. ज्यांनी आपली माणसे ढिगाऱ्यातून बाहेर काढली, त्यांची धास्ती अनाठायी कोण म्हणेल? तथापि, त्या धास्तीपोटी आपण काय टाकून देत आहोत, याचाही विचार व्हावयास हवा.

ते जुने घर आठवून पाहा. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, लाकडी खणांवर माळवद, भिंतीत कोनाडे व देवळ्या, छतात उजेडासाठी झरोका. दिवसाचे ऊन जाड भिंतीतून आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होई. वैशाखातही दुपारी घरात निवांत पडता येई. आज पातळ भिंती आणि वर पत्रे अशा घरात दुपारी बाळंतीण, वृद्ध आणि लहान मुले यांची जी तगमग होते, ती आपण पाहतोच. पंखा गरम हवाच फिरवितो आणि विजेचे देयक मात्र वाढते.

मग एवढे गुणी घर कोसळले कशामुळे? त्याची कारणे स्पष्ट आहेत. या भिंती वरवर एकसंध दिसत. वस्तुतः त्या दोन होत्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, आणि मध्ये मातीची व बारीक दगडांची भर. दोहोंना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसे. हादरा बसताच थर फुगले, एकमेकांपासून सुटले आणि भिंत ढासळली. त्यातच माळवद गळू लागले की दरवर्षी वर नवी माती टाकण्याचा प्रघात. अशी एक-दोन फूट जाडीची, क्वचित त्याहूनही अधिक माती डोक्यावर साचलेली. भूकंपात जितके वजन अधिक, तितका धक्का अधिक. तात्पर्य, दगड दोषी नव्हता; दोष सांधणीचा आणि भाराचा होता.

आणि हे दोष दूर करता येतात. दगडी भिंत दीड फुटापेक्षा जाड नसावी. उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत फार तर चार-चार फुटांवर आरपार दगड घालावा. कोपऱ्यात लांब दगड वापरून दोन्ही भिंती एकमेकींत गुंफाव्या. दारे-खिडक्या कोपऱ्यापासून किमान दोन फूट दूर ठेवाव्या. दारांच्या वरच्या पातळीवर घराला सर्व बाजूंनी सलग वेढणारा सळईयुक्त काँक्रीटचा पट्टा द्यावा. जुने घर असेल तर माळवदावरील जादा माती उतरवावी, आणि भिंतीचे मोजके दगड काढून त्या जागी सळईसह काँक्रीट भरावे. तेच आरपार दगडाचे काम करते. भूकंपानंतर जुन्या घरांच्या मजबुतीकरणासाठी हाच मार्ग दाखविण्यात आला होता.

दगड जेथे नाही, तेथे वीट आहे. या बाबतीत केरळात आयुष्य वेचलेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७-२००७) यांचे कार्य मार्गदर्शक आहे. १९४० च्या दशकात मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत ते मुंबईत थांबले असता गांधीजींशी त्यांची भेट झाली. घराचे साहित्य पाच मैलांच्या परिसरातूनच मिळावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी पुढे जन्मभर आचरला. विटा कडेवर उभ्या लावून भिंतीच्या पोटात पोकळी राखण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. तीत सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे उष्णताही अडते. भूकंपाचा धोका असलेल्या भागात याच पोकळीतून उभ्या सळया घेता येतात. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट भार पेलण्यास फारसे उपयोगी पडत नाही, हे जाणून तेथे त्यांनी मंगलोरी कौले बसविली. सिमेंट वाचले आणि छतही हलके झाले. खिडकीऐवजी विटांची जाळी ठेवून त्यांनी वारा व सौम्य उजेड घरात आणला.

मित्रहो, निसर्गाने आपल्या शिवारात साहित्य ठेवले आहे. ते कसे सांधावे हे स्थापत्यशास्त्र सांगते. या दोहोंची सांगड घालण्याचे काम गवंड्याच्या हाती आहे. घर पाडण्यापूर्वी अभियंत्याला एकवार भिंत दाखवा. नवे बांधताना आरपार दगड पडला की नाही, हे घरच्या मालकिणीने स्वतः उभे राहून पाहावे. भिंत पूर्ण झाल्यावर तो दगड शोधता येत नाही. आणि त्याची उणीव ज्या दिवशी कळते, तो दिवस आपण एकदा पाहिला आहे.