आबांसाठी गाडी



आज आम्ही आपल्यापुढे एका गाडीची हकीकत सांगणार आहोत. गाडी म्हणजे चारचाकी मोटार. तुम्ही म्हणाल, मोटारीत सांगण्यासारखं काय आहे? पैसा असला तर घ्यावी, नसला तर एसटीनं जावं. आम्हीही असंच म्हणत होतो. पण आम्हाला गाडी घ्यायची होती ती आजारी वडिलांसाठी. आजार असा, की तो पुरता बरा होत नाही. वर्षावर्षाने वाढत जातो. अशा माणसाने गाडी चालवावी का, चालवावी तर कोणती, आणि थांबावे केव्हा, यावरून आमच्या घरात पुष्कळ दिवस भांडणे झाली. ती आता मिटली आहेत. म्हणून सांगायला हरकत नाही.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ आणि एक बहीण. तिघेही बाहेरगावी. आई आणि आबा कराड तालुक्यात, मळ्यातल्या घरी दोघेच राहतात. मळ्यापासून गाव दोन किलोमीटर, एसटीचा फाटा चार किलोमीटर. मध्ये ओढ्याचा चढ आहे. पावसाळ्यात तिथं बैलाचीही परीक्षा होते. आबांकडे जुनी जीप होती. डेअरीला दूध घालायचं, बाजार आणायचा, आईला दवाखान्यात न्यायचं, सगळं त्या जीपवर. रात्री कुणाची बाळंतीण अडली तरी हाक आबांनाच यायची.

आजाराची पहिली खूण आम्हाला आबांच्या सहीत दिसली. त्यांचं अक्षर मोठं, ठसठशीत. २०१७ साली बँकेने त्यांची पैसे काढायची स्लिप परत केली. सही जुळत नाही म्हणाले. आबा संतापले. "तीस वर्षं सही करतोय, माझी सही मला शिकवता काय?" घरी येऊन जुने कागद काढून पाहिले. खरंच, अक्षर निम्मं झालं होतं. नावाचा आरंभ बरा असे, पण शेवटची अक्षरे मुंगीएवढी. आम्ही ते म्हातारपणावर घातलं आणि गप्प बसलो. तिथं आमचं चुकलं.

मग उजवा हात बसल्या जागी थरथरू लागला. अंगठा बोटावर असा फिरायचा, जणू माळ ओढताहेत. चालताना पाय घासू लागले. चेहरा हलेना. लोक म्हणत, आबा आमच्यावर रागावलेत का? अखेर पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, हा कंपवात. जेम्स पार्किन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ साली लंडनमध्ये या आजारावर एक लहान पुस्तक लिहिलं. म्हणून याला पार्किन्सनचा आजार असंही म्हणतात.

आपल्या मेंदूत खोलवर काही पेशी असतात. त्या डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. हे द्रव्य म्हणजे हातापायाचा हुकूम पोचविणारा निरोप्या समजा. या आजारात त्या पेशी हळूहळू मरतात. मग डोकं सांगतं 'पाय उचल', पण निरोप उशिरा पोचतो. यावर लिव्होडोपा नावाचं औषध देतात. शरीरात त्याचंच डोपामिन होतं. आपल्या रानात खाजकुयली असते ना? तिच्या बियांतही हेच औषध असतं. पण म्हणून कोणी बिया कुटून खाऊ नका. पोटात किती गेलं याचा काही अंदाज लागत नाही. गोळीचा अंमल काही तास राहतो. तेवढा वेळ माणूस सैल असतो. अंमल उतरला की अंग लाकडासारखं होतं.

हे सारं एवढ्यासाठी सांगितलं, की पुढं गाडी निवडताना हीच गोष्ट उपयोगी पडली.

२०१८ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. ऊसतोडीचे दिवस. ओढ्याच्या चढावर समोरून उसाची ट्रॉली आली. आबांनी जीप थांबवली. पुन्हा निघायचं तर डावा पाय क्लचवर, उजवा पाय ब्रेकवरून रेसवर, आणि हात गिअरवर. तीन हुकूम एकदम सुटले आणि एकही वेळेवर पोचला नाही. जीप मागे सरकली. मागे दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल होती. पोरगा चपळ, उडी टाकून बाजूला झाला म्हणून वाचला. मोटारसायकलचा चुराडा झाला. दूध सगळं ओढ्याला गेलं. पैशाची भरपाई आम्ही केली. पण त्या पोराच्या आईपुढे आबा हात जोडून उभे राहिले, ते आमच्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्या रात्री थोरल्या भावाने जीपची किल्ली खिशात घातली. म्हणाला, "आबा, आता बास. लागेल तेव्हा भाड्याची गाडी बोलवा." आबा काही बोलले नाहीत. चार दिवस जेवलेही नाहीत नीट. आईच शेवटी बोलली. "भाड्याची गाडी मळ्यात येतीय कुठं? मागच्या पावसात बोलावली होती, फाट्यावरनंच परत गेली. आणि घरात बसवलं तर हे आणखी लवकर झिजतील."

दोघांचंही खरं होतं. तेच तर अवघड.

मग आम्ही डॉक्टरांनाच विचारलं. असं विचारायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनी आबांची नजर पाहिली. मान दोन्हीकडे किती वळते ते पाहिलं. खुर्चीत बसवून उजवा पाय एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर भरभर हलवायला लावला. प्रश्न विचारून लक्ष किती राहतं ते पाहिलं. मग म्हणाले, "आज चालवू शकतील. दिवसा, ओळखीच्या रस्त्यानं, गोळीचा अंमल असताना. क्लचची गाडी नको. दर सहा महिन्यांनी मला दाखवा. मी नको म्हटलं की तो शेवट." आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. या आजारावरच्या काही गोळ्यांनी अचानक झोप येते. नवी गोळी सुरू केली की काही दिवस गाडीला हात लावायचा नाही. कंपवात झालेल्या प्रत्येकाला डॉक्टर असं 'हो' म्हणतील असं मात्र समजू नका. काहींना पहिल्याच दिवशी नाही म्हणावं लागतं.

आता गाडीची निवड. शोरूममधला विक्रेता रंग दाखवी, गाण्याचा पडदा दाखवी. आमच्या बहिणीच्या हातात सुतळी होती. घरून निघताना तिनं आबांच्या खाटेची उंची सुतळीनं मोजून गाठ मारली होती. तिचं म्हणणं, या खाटेवरून आबा आपले आपण उठतात, तर गाडीची बैठक तेवढीच उंच हवी. विक्रेता हसला. पण मापलं तेव्हा दोन देखण्या गाड्या तिथंच बाद झाल्या. बैठक इतकी खाली, की आबा आत पडले आणि दोघांनी ओढून काढावे लागले. जीपसारखी उंच गाडीही नको, तिच्यात चढताना पाय अडकतो. उंच छपराची, पेटीसारखी दिसणारी लहान गाडी बरी पडली. दरवाजा रुंद उघडत होता. धरायला मूठ होती. बैठकीचं कापड गुळगुळीत होतं, त्यामुळं आधी टेकायचं आणि मग दोन्ही पाय मिळून आत वळवायचे, हे जमलं.

दुसरी खबरदारी वेळेची. आम्ही मुद्दाम दुपारच्या गोळीच्या आधी गेलो, आबांचं अंग जड असताना. सकाळी गेलो असतो तर प्रत्येक गाडी चांगलीच वाटली असती. विक्रेत्याला घाई. "काका, बसा ना पटकन." मंडळी, पटकन बसता येत असतं तर आम्ही तिथं गेलोच कशाला असतो? त्या वेळी आम्ही गाडी चालवून मात्र पाहिली नाही. उभ्या गाडीत बसणं, उतरणं, पाय रेसवरून ब्रेकवर नेणं, एवढंच. एका गाडीत दोन पॅडल इतकी जवळ होती, की आबांचा बूट दोन्हीवर पडे. तीही बाद.

क्लच नसलेल्या गाडीला ऑटोमॅटिक म्हणतात. पूर्वी ती श्रीमंतांचीच चीज होती. २०१४ साली मारुतीच्या सेलेरियो गाडीत एक स्वस्त युक्ती आली. गिअर नेहमीचेच, पण क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. मग इतरांनीही तशा गाड्या काढल्या. साध्या गाडीपेक्षा पन्नासेक हजार जास्त पडतात. दुसरी जात याहून महाग, तिची चाल मऊ असते. स्वस्त जातीची गाडी हळू चालताना थोडे हिसके देते. चढावर काही गाड्या ब्रेक सोडला की मागे सरकतात, काहींत ते थांबवायची सोय असते. आम्हाला ओढ्याचा चढ डोळ्यांपुढे होता. म्हणून आम्ही हट्ट धरला, की गाडी चढावर नेऊन दाखवा. भावाने चालवून पाहिली. पहिली मागे सरकली. दुसरी थांबून राहिली. ती घेतली.

आणखी एक बारीक गोष्ट. या स्वस्त जातीच्या बऱ्याच गाड्यांत गिअरला 'पार्क'ची खाच नसते. गाडी उभी केली की हँडब्रेक ओढावाच लागतो. आबांच्या हातात तेवढा जोर आहे का, हेही आम्ही तिथंच पाहिलं.

२०१९ च्या गुढीपाडव्याला गाडी मळ्यात आली. आम्हाला वाटलं, काम झालं. कुठलं! चाळीस वर्षं आबांचा डावा पाय क्लच दाबत आला होता. आता क्लच नव्हता, पण पायाला ते कुणी सांगितलं? गाडी थांबवायची वेळ आली की डावा पाय पुढं जाई आणि ब्रेकवर आदळे. गाडी जागच्या जागी थडकन थांबे. पहिल्याच दिवशी आईचं कपाळ समोर आपटलं. पट्टा बांधला नव्हता. मग पंधरा दिवस मोकळ्या रानात सराव. डावा पाय बैठकीखाली मागे ओढून घ्यायचा, तो तिथंच ठेवायचा. आई शेजारी बसून सारखी म्हणे, "अहो, डावा पाय मागं!" चपलाही बंद केल्या. पायाला घट्ट बसणारे बूट आणले.

कायद्याचं थोडं सांगतो. चाळिशीनंतर परवाना काढायचा किंवा नवा करून घ्यायचा तर डॉक्टरांचा दाखला लागतो. पंचावन्न वर्षांनंतर परवाना पाच-पाच वर्षांचाच मिळतो. ओळखीनं दाखला आणू नका, ओढ्यावरचा पोरगा आठवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कंपवाताचं नाव आहे. त्याचा दाखला सरकारी दवाखान्यातून मिळू शकतो, तो तपासणीनंतर.

गाडी घेतली तेव्हाच बहिणीनं आणखी एक गोष्ट करून घेतली. थांबायचं कधी, हे तिनं आबांकडून कागदावर लिहून घेतलं. गाडीला नवा ओरखडा आला आणि तो कसा आला हे सांगता आलं नाही, तर थांबायचं. ओळखीचं वळण चुकलं, तर थांबायचं. गाडी चालवताना डुलकी लागली, तर थांबायचं. आणि आई 'बास' म्हणाली तर कारण न विचारता थांबायचं. खाली आबांची सही, बारीक. कागद कॅलेंडरच्या मागं लावला. आई तेव्हा नुकतीच वाचायला शिकली होती. ती तो कागद अधूनमधून मोठ्यानं वाचायची. आबांना राग यायचा, पण कागद कुणी काढला नाही.

आबांनी साडेतीन वर्षं गाडी चालवली. गाव, डेअरी, फाटा. कराडला एकट्यानं कधी नाही, रात्री कधीच नाही. त्या काळात एक गोष्ट आमच्या ध्यानीमनी नसताना झाली. रानातला सराव बघता बघता आईच एकदा म्हणाली, "यात काय, दोनच तर पॅडल हायत. मी बसून बघू?" जीपला तिनं कधी हात लावला नव्हता. वय सत्तावन्न. आम्ही हसलो, आबा हसले नाहीत. त्यांनीच शिकवलं. खासगी गाडीच्या परवान्याला शाळेची अट नाही, पण रस्त्यावरच्या खुणा ओळखाव्या लागतात. खुणांचं पुस्तक आईनं चुलीपुढं बसून वाचलं. पहिल्या खेपेला नापास झाली. दुसऱ्या खेपेला पास.

२०२२ च्या दसऱ्याच्या आधी, फाट्याच्या वळणावर आबांचा पाय ब्रेकवर पोचायला उशीर झाला. कुणाला लागलं नाही. समोर नुसतं एक कुत्रं होतं, तेही पळालं. आई म्हणाली, "बास." आबांनी हँडब्रेक ओढला, बराच वेळ दोन्ही हात चाकावर ठेवून बसले. मग उतरून, गाडीला धरून धरून, दुसऱ्या बाजूला आले. आईनं गाडी घरी आणली.

अजून ती कराडच्या गर्दीत गाडी नेत नाही. गावापर्यंत आणि फाट्यापर्यंत नेते, पुढं एसटी. आबा शेजारी बसतात. त्यांचा आवाज आता बारीक झाला आहे, नीट कान द्यावा लागतो. ओढ्याचा चढ आला की ते अजून म्हणतात, "डावा पाय मागं." आईला क्लच कधी ठाऊकच नव्हता, तिचा पाय मागंच असतो. तरी ती म्हणते, "हो, घेतला."