शंखी गोगलगाय : मूळ आणि बंदोबस्त



सोयाबीन दोन पानांवर आले आणि एका रात्रीत ओळीच्या ओळी कुरतडल्या, हे २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद (आताचा धाराशिव) भागात पुष्कळांनी पाहिले. दुबार पेरणीचा खर्च अंगावर आला तो या शंखी गोगलगायीपायी.

ही आपल्याकडची नव्हे बरं का! तिचे मूळ पूर्व आफ्रिकेत. तिथून ती मॉरिशसला पोचली. शंख-शिंपल्यांचा अभ्यास करणाऱ्या बेन्सन साहेबाने १८४७ साली मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कलकत्त्यात चौरंगीच्या एका बागेत सोडल्या गेल्या. पुढे रोपे, माती आणि मालाबरोबर ती देशभर पसरली.

गोगलगायींचे घराणे मुळात समुद्रातले. समुद्री शंख हे त्यांचे लांबचे भाऊबंद. त्यांच्यातली निरनिराळी कुळे वेगवेगळ्या वेळी जमिनीवर आली. श्वास हवेत घेऊ लागल्या, पण अंग ओले ठेवण्याची गरज काही सुटली नाही. आपल्याला तिला पकडायचे ते इथेच. उन्हाळ्यात ती शंखाचे तोंड पातळ पापुद्र्याने बंद करून बांधात निजते आणि पाऊस पडला की रात्री बाहेर येते. नर-मादी दोन्ही अंगे एकीतच असल्याने प्रत्येक गोगलगाय अंडी घालते, एका वेळी शंभरावर. म्हणून पहिल्या पावसाचा आठवडा दवडू नका.

संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे सात-आठ मीटरवर अंथरा. पहाटे खाली जमलेल्या गोगलगायी वेचून साबणाच्या पाण्यात टाका, मेल्या की खोल पुरा. उघड्या हाताने धरू नका. तिच्यातल्या जंताने माणसाच्या मेंदूला आजार होतो. बांधालगत चार इंच चुन्याचा पट्टा ओढा, पावसाने धुपला की पुन्हा. एकट्याने करून भागत नाही, शेजारच्या बांधावरून ती परत येते. फारच झाल्या तर मेटाल्डिहाइडच्या २.५ टक्के गोळ्या एकरी २ किलो टाका; पण ते विष आहे, पोरं, कुत्री, कोंबड्या लांब ठेवा.

कुणी म्हणेल, गोगलगाय खाणारी गोगलगायच आणून सोडा की! ताहितीजवळच्या मोरेआ बेटावर १९७७ साली तसे केले. दहा वर्षांत तिथल्या झाडांवरच्या मूळच्या गोगलगायी रानातून नाहीशा झाल्या.

आपल्या सह्याद्रीतही मूळच्या गोगलगायी आहेत. काहींच्या शंखाला टणक झाकण असते. शंखीला ते नसते. तिचा शंख लांबट, निमुळता, तपकिरी पट्ट्यांचा. वेचताना एवढे पाहा, झाकणवाली दिसली तर सोडून द्या.